मोबाइलसाठी बुद्धिबळाचं अ‍ॅप निवडताना: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बुद्धिबळाचं अ‍ॅप घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: तारे किती मिळालेत आणि इंजिन, म्हणजे आतून चाली शोधणारा प्रोग्राम, किती तगडं आहे. दोन्हींवरून फारसं काही ठरत नाही. तारे बऱ्याचदा पट दिसायला कसा आहे यालाच मिळालेले असतात. ताकदीचा प्रश्न तर केव्हाच निकालात निघाला आहे. २००९ साली ब्युनॉस आयर्सच्या कोपा मर्कोसुर स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा मोबाइलवर चालणारा प्रोग्राम १० पैकी ९.५ गुण मिळवून पहिला आला होता, आणि तोही सेकंदाला २०,००० पेक्षा कमी स्थिती तपासून. आजचा साधा फोन त्याच्या कित्येक पट वेगाने मोजतो. तुम्हाला हरवायला कुठलंही बरं अ‍ॅप पुरेसं आहे. खरी मेख दुसरीकडेच आहे: ते तुमच्या पातळीवर उतरून नीट खेळू शकतं का, आणि तुमचे डाव तुम्हाला परत देतं का?

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. स्वस्त आणि झटपट चाचण्या आधी ठेवल्या आहेत, वेळखाऊ नंतर, आणि पैसे सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. आधी वर्षाची वर्गणी भरतात आणि मग कळतं की नेट नसेल तर अ‍ॅप उघडतसुद्धा नाही.

## तयारी

कागदावर किंवा नोंदवहीत चार गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, तुमची आजची पातळी. फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग असेल तर ते, ऑनलाइन खेळत असाल तर तिथलं. दोन्ही असतील तर वेगवेगळी लिहा, कारण हे आकडे एका मापाचे नाहीत. एकाच खेळाडूचं एका साइटवर १५०० आणि दुसरीकडे १२०० असू शकतं आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. रेटिंग नसेल तर ‘फुकट सोंगटी सोडत नाही, पण दोन चालींची युक्ती निसटते’ असं साध्या शब्दांत लिहा.

दुसरी, फोनची कुंडली: अँड्रॉइड की आयफोन, आवृत्ती कोणती, रॅम किती, रिकामी जागा किती.

तिसरी, तुमचा स्वतःचा एक पूर्ण डाव पीजीएन फाइलमध्ये, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये. पुढच्या चाचण्यांना तो लागणार आहे. ३० चालींच्या वरचा असावा.

चौथी, अ‍ॅप कुठे वापरणार: प्रवासात नेट नसताना, की घरी वायफायवर?

## टप्पा १: एकच मुख्य काम ठरवा

अ‍ॅपची कामं साधारण चार असतात: संगणकाशी खेळणं, माणसांशी ऑनलाइन खेळणं, कोडी सोडवणं आणि खेळून झालेल्या डावांचं विश्लेषण करणं. चारही कामं करण्याचा दावा प्रत्येक अ‍ॅप करतं. चारही चांगली करणारं विरळा.

यातलं एक काम मुख्य म्हणून निवडा आणि दुसरं दुय्यम. उरलेली दोन निवडीच्या वेळी विसरून जा. दोन वेगळी अ‍ॅप्स वापरण्यात कमीपणा नाही. खेळायला एक आणि विश्लेषणाला दुसरं ही जोडी बहुतेकांना एका अवजड अ‍ॅपपेक्षा बरी पडते.

इशारा: शिकाऊ मुलासाठी अ‍ॅप घेत असाल तर ‘माणसांशी ऑनलाइन’ हे काम पहिल्या फेरीत बाजूला ठेवा. तिथे अनोळखी माणसांशी गप्पांची सोय असते. ती बंद करता येते की नाही, हा वेगळाच तपास होऊन बसतो.

## टप्पा २: फोन काय झेपवतो ते पाहा

अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यातला एक फरक निवडीवर थेट परिणाम करतो. अँड्रॉइडवर काही अ‍ॅप्समध्ये फक्त पट असतो आणि इंजिन बाहेरून जोडता येतं. यूसीआय नावाची एक ठरलेली भाषा पट आणि इंजिन दोघांनाही येते, त्यामुळे एकाचा पट आणि दुसऱ्याचं इंजिन असं चालतं. आयफोनवर बाहेरून आणलेलं इंजिन चालू देत नाहीत. अ‍ॅपच्या आत जे बसवलेलं आहे तेच. म्हणून आयफोनवाल्यांनी अ‍ॅप निवडतानाच आत कोणतं इंजिन आहे आणि अ‍ॅप शेवटचं कधी अद्ययावत झालं हे पाहायचं.

स्क्रीनचाही हिशेब करा. फोनच्या स्क्रीनची रुंदी साधारण साडेसहा ते सात सेंटिमीटर. आठ घरांत वाटली तर एका घराला जेमतेम ८ मिलिमीटर येतात. बोटाचं टोक त्याहून मोठं. सोंगटी ओढत नेली की ती बोटाखाली झाकली जाते आणि नेमकी शेजारच्या घरात पडते. त्यामुळे ‘आधी सोंगटीवर टेकव, मग घरावर टेकव’ ही पद्धत असलेलंच अ‍ॅप फोनसाठी घ्या. चाल पक्की करण्यापूर्वी विचारणारी सोयही हवी. टॅब्लेटवर हा त्रास नसतो.

त्रिमितीय पट जाहिरातीत छान दिसतो, पण मागचा उंट पुढच्या वजिरामागे दडतो. सपाट पटाचा पर्याय नसेल तर ते अ‍ॅप सोडा.

## टप्पा ३: यादी तीनवर आणा

दहा अ‍ॅप्स उतरवून बसू नका. मुख्य कामाप्रमाणे तीनच घ्या. सुरुवातीला आधार म्हणून:

विश्लेषण आणि नेटशिवाय खेळ हवा असेल, फोन अँड्रॉइड असेल, तर ड्रॉइडफिश. फुकट, जाहिराती नाहीत, आत स्टॉकफिश इंजिन, वर हवी ती इंजिनं, ओपनिंग बुक (सुरुवातीच्या चालींचा साठा) आणि एंडगेम टेबलबेस (मोजक्या सोंगट्या उरलेल्या स्थितींची तयार अचूक उत्तरं) जोडता येतात. दिसायला रुक्ष आहे. मेनूत पहिल्यांदा थोडं हरवायला होतं.

सगळं थोडंथोडं आणि फुकट हवं असेल तर लिचेस. हे खुल्या स्रोताचं आहे आणि देणग्यांवर चालतं. जाहिराती नाहीत, कोड्यांवर रोजची मर्यादा नाही. संगणकाच्या आठ पातळ्या आहेत.

धडे, नाव-चेहरा असलेले बॉट (संगणकी प्रतिस्पर्धी) आणि भरपूर माणसं हवी असतील तर चेस डॉट कॉम. फुकट खात्यात कोडी आणि डावांचं परीक्षण यांवर मर्यादा आहे. टप्पा ९ मध्ये त्याचा हिशेब करू.

माणसासारखा खेळणारा घरगुती प्रतिस्पर्धी हवा आणि एकदाच पैसे मोजायची तयारी असेल तर श्रेडर पाहा. तो तुमच्या डावांवरून तुमचं अंदाजे रेटिंग काढतो आणि आपली ताकद त्याला जुळवून घेतो.

अ‍ॅप स्टोअरमध्ये याशिवाय शेकडो नावं दिसतील. त्यांपैकी अनेकांच्या पोटात स्टॉकफिशच असतं. स्टॉकफिश जीपीएल या खुल्या स्रोताच्या परवान्याखाली मोफत आहे. ते वापरून अ‍ॅप विकायला मनाई नाही, पण इंजिनाचं श्रेय आणि त्याचा स्रोत मिळण्याची सोय द्यावी लागते. अ‍ॅपच्या ‘माहिती’ पानावर हे काहीच नसेल आणि ‘आमची स्वतःची प्रगत एआय’ अशी भाषा असेल, तर समजायचं ते समजा आणि नाव खोडा.

तपासा: अ‍ॅप कोणत्या परवानग्या मागतं? बुद्धिबळाला तुमचे संपर्क, ठावठिकाणा किंवा मायक्रोफोन लागत नाही. पीजीएन उघडायला फाइल निवडण्याची परवानगी पुरते.

## टप्पा ४: विमान मोडची चाचणी

ही पाच मिनिटांची चाचणी निम्मी यादी गाळते.

१. अ‍ॅप एकदा नेटवर उघडून पूर्ण बंद करा. अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतूनही सरकवून काढा.
२. विमान मोड लावा. वायफाय बंद आहे ना, ते बघा. काही फोनवर विमान मोडमध्येही ते चालू राहतं.
३. अ‍ॅप उघडा. लॉगिनच्या पडद्यावर अडकलं तर नेटशिवाय खेळण्याच्या कामासाठी बाद.
४. संगणकाशी डाव सुरू करा आणि दहा चाली खेळा.
५. डाव अर्ध्यावर असताना कॅमेरा उघडा, दोन फोटो काढा, परत या. डाव जिथे होता तिथेच हवा.
६. फोन बंद करून चालू करा. डाव अजूनही हवा.
७. विश्लेषण सुरू करून बघा. इंजिन फोनवर असेल तर चाली दिसू लागतील. सर्व्हरवर असेल तर चक्र फिरत राहील.
८. कोडी उघडा. काही अ‍ॅप्स थोडी कोडी आधीच उतरवून ठेवतात. किती आहेत ते बघा.

पायरी ५ बरेच जण टाळतात, आणि नंतर सर्वाधिक तक्रार तिचीच असते. कॅमेऱ्याला मेमरी लागली की फोन मागची अ‍ॅप्स मारून टाकतो. ज्या अ‍ॅपने प्रत्येक चालीनंतर डाव साठवलेला नसतो, त्याचा डाव तिथेच संपतो. एक फोन आला आणि पाऊण तासाचा डाव गेला, असं होतं ते यामुळेच.

## टप्पा ५: नियम बरोबर येतात का?

नावाजलेल्या अ‍ॅप्सना हा टप्पा पटकन उरकला तरी चालेल. नवख्या किंवा घरगुती अ‍ॅपला मात्र सोडू नका. ‘दोन खेळाडू एकाच फोनवर’ हा प्रकार आणि स्थिती मांडण्याचा पडदा वापरा.

कॅसलिंग. पांढरा राजा ई१, हत्ती ए१. काळा राजा जी८, हत्ती बी८. वजिराच्या बाजूचं कॅसलिंग करता येतं अशी खूण लावा आणि पांढऱ्याची चाल ठेवा. काळ्या हत्तीचा मारा बी१ वर आहे, पण राजा त्या घरातून जात नाही, हत्ती जातो. म्हणून कॅसलिंग वैध आहे. अ‍ॅपने अडवलं तर त्याला नियम नीट शिकवलेला नाही.

तिहेरी पुनरावृत्ती. आरंभापासून दोन्ही बाजूंनी एकेक घोडा बाहेर काढून परत आत न्या, आणि हेच पुन्हा एकदा करा. प्रत्येकी चार चालींनंतर सुरुवातीची स्थिती तिसऱ्यांदा येते. इथे बरोबरीची मागणी करता आली पाहिजे. आपोआप बरोबरी देणारी अ‍ॅप्सही आहेत, तेही चालवून घेता येईल. काहीच न होणं चालणार नाही.

बढती. एकाच स्थितीत तीन गोष्टी तपासणारी सावेद्राची प्रसिद्ध रचना इथे कामाला येते. पांढरा राजा सी२, प्यादं सी७, काळा राजा ए१, हत्ती डी४, चाल पांढऱ्याची.

आधी प्यादं सी८ वर नेऊन वजीर करा. काळ्याकडून हत्ती सी४ वर आणून शह द्या आणि तो वजिराने मारा. आता काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. अ‍ॅपने तत्क्षणी स्टेलमेट म्हणून बरोबरी जाहीर केली पाहिजे.

मग मागे या आणि सी८ वर हत्ती करा. इथे अ‍ॅपने ‘कोणती सोंगटी हवी’ असं विचारलं का? न विचारता वजीरच ठेवला तर सेटिंगमध्ये ‘आपोआप वजीर’ बंद करता येतं का बघा. बंदच होत नसेल तर अशा स्थितीत तुमचा जिंकलेला डाव अ‍ॅप बरोबरीत नेऊन ठेवणार.

शेवटी ही स्थिती इंजिनाला द्या. बऱ्या इंजिनाने क्षणार्धात हत्तीची बढती दाखवावी.

इशारा: स्थिती मांडताना ‘चाल कुणाची’ ही खूण विसरली जाते. मग इंजिन भलतंच उत्तर देतं आणि लोक अ‍ॅपला नावं ठेवतात.

## टप्पा ६: ते नीट हरतं का?

निवड खरी इथे होते. याला दोन-तीन संध्याकाळी द्या.

जिंकणारं इंजिन बनवण्यापेक्षा माणसासारखं चुकणारं इंजिन बनवणं अवघड आहे. कमकुवत करण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत आणि तिघींची चव वेगळी लागते.

*खोली किंवा वेळ कमी करणं.* इंजिन फक्त दोन-तीन चालीच पुढचं बघतं. लहान युक्त्या अचूक पकडतं, पण पुढचा बेत त्याला नसतो. अशा प्रतिस्पर्ध्याशी खेळून सावधपणा वाढतो, योजना आखायला मात्र फारसं शिकायला मिळत नाही. त्यातही ‘चालीला एक सेकंद’ अशी वेळेवर बांधलेली पातळी फसवी. वेगवान फोनवर तीच पातळी जास्त कडक खेळते, आणि एका सेकंदातलं स्टॉकफिशसुद्धा जगज्जेत्याला भारी पडेल. खोलीवर किंवा तपासलेल्या स्थितींच्या संख्येवर बांधलेली पातळी कुठल्याही फोनवर सारखीच राहते.

*मुद्दाम चुका पेरणं.* इंजिन मधूनच ठरवून वाईट चाल निवडतं. वीस चाली ग्रँडमास्टरसारख्या आणि एकविसाव्या चालीला वजीर फुकट. तुम्ही जिंकता, पण जिंकल्यासारखं वाटत नाही. स्वस्त अ‍ॅप्समध्ये हा प्रकार फार.

*माणसांच्या डावांवर शिकवणं.* ‘माया’ ही यातली ठळक. लिचेसवरच्या ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंचे डाव घेऊन ‘या पातळीचा माणूस इथे काय खेळेल’ हे तिला शिकवलं आहे. तिच्या चुका ओळखीच्या वाटतात: घाईने वजीर बाहेर काढणं, बांधलेल्या घोड्याचा विसर पडणं.

ड्रॉइडफिशसारख्या अ‍ॅपमध्ये स्टॉकफिशची ताकद इलो या रेटिंगच्या आकड्याने कमी करता येते. एक अडचण आहे. स्टॉकफिशमध्ये हा आकडा १३२० च्या खाली जात नाही. शिवाय तो संगणकांच्या आपापसातल्या डावांवरून बेतलेला आहे, तुमच्या क्लबातल्या १३२० शी त्याचं नातं दूरचंच. अगदी नवशिक्याला यावर खेळायला लावलं तर तो आठवड्यात खेळ सोडेल. स्टॉकफिशची ० ते २० ही कौशल्याची पट्टी शून्यावर ठेवली तरी ताकद जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे त्याला हवीत बॉटवाली अ‍ॅप्स.

चाचणी अशी करा:

१. यादीत उरलेल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये तुमच्या लिहून ठेवलेल्या पातळीच्या जवळची पातळी लावा. सूचना, मूल्यांकनाची पट्टी आणि चाल मागे घेणं बंद करा. नाहीतर तुम्ही स्वतःचीच चाचणी बिघडवता.

२. किमान १० मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद वाढीव अशा घड्याळावर चार डाव खेळा. दोन पांढऱ्याने, दोन काळ्याने.

३. पांढऱ्याच्या दोन्ही डावांत पहिली चाल एकच ठेवा, समजा ई४. दोन्ही वेळा पहिल्या पाच-सहा चाली हुबेहूब तशाच आल्या तर अ‍ॅपमध्ये ओपनिंग बुक नाही किंवा त्यात वैविध्य नाही. महिनाभरात कंटाळा येईल. ओपनिंग बुक जोडता येत असेल तर प्रश्न मिटतो. पॉलिग्लॉट प्रकारची बुकं अनेक अ‍ॅप्स वाचतात.

४. चारही डाव पूर्ण ताकदीच्या इंजिनाला दाखवा आणि फक्त प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या चुका मोजा. चुका कठीण जागी झाल्या असतील, म्हणजे जिथे खूप मारामारी चालू होती किंवा वेळ कमी होता, तर ठीक. शांत स्थितीत, हातात सोपी चाल असताना सोंगटी टाकली असेल तर त्या चुका पेरलेल्या आहेत.

५. एकदा दोन पातळ्या वर आणि एकदा दोन खाली खेळून बघा. पायऱ्या समान आहेत का? काही अ‍ॅप्समध्ये तिसरी पातळी पोरखेळ असते आणि चौथी भिंत.

तपासा: चार डावांत तुम्हाला एक ते तीन गुण मिळाले तर पातळी जुळली. चारपैकी चार किंवा शून्य आल्यास पातळी बदलून पुन्हा करा, अ‍ॅपला दोष देण्याआधी.

आणखी एक, राजीनाम्याबद्दल. हरलेलं अ‍ॅप लगेच डाव सोडत असेल तर शिकणाऱ्याचं नुकसान आहे. हत्ती-राजाने मात करण्याचा सराव कधीच होत नाही. ही सवय सेटिंगमधून बंद करता यायला हवी.

## टप्पा ७: विश्लेषण, उष्णता आणि बॅटरी

विश्लेषण हे तुमचं मुख्य किंवा दुय्यम काम नसेल तर हा टप्पा ओलांडा.

तुमचा पीजीएन डाव उघडा आणि एखाद्या गुंतागुंतीच्या स्थितीवर इंजिन सोडा. पडद्यावर इंजिन सेकंदाला किती स्थिती तपासतंय तो आकडा दिसतो. पहिल्या मिनिटाचा आकडा लिहा. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. निम्म्यावर आला असेल तर फोन तापला आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने वेग उतरवला आहे.

इथे चूक सेटिंगची असते. आठ गाभ्यांचा (प्रोसेसर कोअरचा) फोन म्हणून लोक इंजिनाला आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे आठ धागे, लावतात. पण फोनमध्ये सगळे गाभे सारखे नसतात, काही दमदार आणि काही बॅटरी वाचवणारे हळू. आठही जुंपले की उष्णता वाढते आणि फायदा थोडा होतो. दोन ते चार थ्रेड ठेवा.

हॅशचंही तसंच. ही इंजिनाची टिपणवही. स्टॉकफिशमध्ये मुळात १६ एमबी असते. फोनवर ६४ किंवा १२८ एमबी भरपूर झाली. १ जीबी लावली तर फोन तुमचं अ‍ॅपच बंद करेल आणि तुम्हाला वाटेल अ‍ॅप बिघडलं.

एका वेळी दोन किंवा तीन पर्यायी चाली दिसतील असं ठेवा. एकच दिसली तर ‘माझी चाल का नको’ याचं उत्तर मिळत नाही, पाच दिसल्या तर प्रत्येकीची खोली घटते. स्थितीमागे १० ते १५ सेकंद हौशी खेळाडूला पुरतात. अमर्याद विश्लेषण चालू ठेवून फोन खिशात टाकू नका.

एंडगेमसाठी सायझिजी टेबलबेस जोडता येत असेल तर पाच सोंगट्यांपर्यंतचा संच १ जीबीच्या आत बसतो. सहा सोंगट्यांचा साधारण १५० जीबी होतो, फोनवर त्याच्या नादी लागू नका. सातपर्यंतची उत्तरं लिचेसवर नेट असताना फुकट मिळतात.

इशारा: चालू असलेल्या ऑनलाइन डावाची स्थिती इंजिनाला दाखवणं ही फसवणूक आहे. ‘फक्त एकदा बघितलं’ म्हणूनही खाती बंद होतात. फिडेच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत तर पंचांच्या परवानगीशिवाय खेळाच्या जागी फोन जवळ बाळगणंच मना आहे. आयोजकांनी सोय केली असेल तर तो पूर्ण बंद करून बॅगेत ठेवता येतो, पण डाव चालू असताना त्या बॅगेला परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

## टप्पा ८: डाव बाहेर काढता येतात का?

एक डाव घ्या. दहाव्या चालीला एक पर्यायी ओळ जोडा आणि तिच्यावर मराठीत एक वाक्य लिहा. पीजीएन म्हणून निर्यात करा आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. तीन गोष्टी बघा: चाली पूर्ण आल्या का, पर्यायी ओळ शिल्लक आहे का, मराठी वाक्य वाचता येतंय का.

तिसरी गोष्ट बऱ्याचदा फसते. पीजीएनचा मूळ मानक १९९४ चा, तेव्हा तो पश्चिम युरोपीय अक्षरसंचावर बांधला गेला. ज्या अ‍ॅप्सनी अजून तेच धरून ठेवलंय तिथे देवनागरीचे प्रश्नचिन्हांचे ढीग होतात. तुम्ही टिपणं मराठीत लिहिणार असाल तर हे अ‍ॅप नको.

मग एकगठ्ठा निर्यात करून बघा. एकेक डाव काढायला देतं पण पाचशे एकदम देत नाही, असं अ‍ॅप दोन वर्षांनी सोडवत नाही. तुमचा अभ्यास त्याच्यात अडकलेला असतो.

## टप्पा ९: पैसे

इथवर टिकलेलं अ‍ॅप फुकट असेल तर काम झालं. नसेल तर तीन प्रश्न विचारा.

एकदाच विकत की वर्गणी? एकदाच घेतलेलं अ‍ॅप दरवर्षी अद्ययावत होईल याची खात्री नसते, म्हणून त्याची शेवटच्या सुधारणेची तारीख बघा. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की न सांभाळलेली अ‍ॅप्स एकेक करून बंद पडतात.

वर्गणीत नेमकं काय सुटतं? मर्यादा तुम्हाला खरंच आड येते का, ते दोन आठवडे फुकट खात्यावर वापरून बघा. रोज पाचच कोडी सोडवणाऱ्याला अमर्याद कोड्यांचे पैसे भरण्यात अर्थ नाही. डावांच्या परीक्षणासाठीच वर्गणी भरणार असाल, तर तोच डाव पीजीएनमधून फुकटच्या अ‍ॅपमध्ये नेऊन विश्लेषण होतं का, हे तुम्ही टप्पा ७ आणि ८ मध्ये पाहिलंच आहे. शब्दांत समजावून सांगणं तेवढं तिथे मिळत नाही. ते हवं असेल तर भरा.

चाचणीचा काळ कधी संपतो? तारीख लगेच कॅलेंडरमध्ये टाका, दोन दिवस आधीची.

निवड पक्की झाली की बाकीची दोन अ‍ॅप्स काढून टाका. आधी त्यांच्यातले चाचणीचे डाव निर्यात करून घ्या. चाचणीसाठी कुठे वर्गणी सुरू केली असेल तर ती स्टोअरच्या वर्गण्यांच्या पानावर जाऊन वेगळी रद्द करा. अ‍ॅप काढल्याने वर्गणी बंद होत नाही, पैसे कापले जातच राहतात.